कोंडा आणि फळांचे मफिन घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती बेकिंगचे वर्ग घ्यायला लागल्यापासून मला सगळ्यात जास्त निरोप केकबद्दल येत नाहीत, या मफिनबद्दल येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. अर्ध्याहून अधिक तक्रारींचं मूळ न भिजलेल्या कोंड्यात सापडतं. बाकी काही वाचायला वेळ नसेल तरी प्रश्न ४ वाचाच.

१. कोंडा म्हणजे नेमकं काय? भुसा, चोकर, चुनी हे सगळं एकच का?

नाही. गव्हाच्या दाण्याची बाहेरची साल म्हणजे कोंडा. दाण्याच्या वजनात तिचा वाटा साधारण १४-१५ टक्के असतो. आतल्या पांढऱ्या भागाचा मैदा होतो आणि टोकाला इवलासा अंकुर असतो. चोकर हा कोंड्याचाच हिंदी शब्द. भुसा म्हणजे मळणीनंतर उरलेलं काड आणि तूस, ते गुरांसाठी. चुनी डाळी भरडताना निघते, तीही पशुखाद्यच. पाककृतीत ‘ब्रॅन’ असं दिसलं आणि पुढे काही लिहिलं नसेल, तर गव्हाचा कोंडा समजा.

२. कोंडा आणायचा कुठून? गिरणीत मिळतो तो चालेल का?

घरी गहू निवडून दळून आणत असाल तर कोंडा घरातच आहे. कणीक मैद्याच्या चाळणीतून चाळा, वर राहील तो कोंडा. एका घाण्यापुरता कोंडा निघायला दीड-दोन किलो कणीक चाळावी लागते. चाळण जितकी बारीक, तितका जास्त निघतो. मात्र उरलेल्या कणकेच्या पोळ्यांतला कोंडा तेवढा कमी होणार, हे लक्षात ठेवा. पोळ्या न चाळलेल्या कणकेच्याच असू द्याव्यात आणि मफिनसाठी कोंडा वेगळा आणावा, असं माझं मत आहे.

किराणा दुकानात आणि सुपरमार्केटमध्ये खाण्यासाठीच्या गव्हाच्या कोंड्याची पाकिटं मिळतात. पशुखाद्याच्या दुकानातलं पोतं स्वस्त पडतं, पण तो माल माणसांच्या खाण्यासाठी साफ केलेला नसतो आणि तसा साठवलेलाही नसतो. तो घेऊ नका. गिरणीवाला ओळखीचा असेल आणि निवडलेल्या गव्हाचा कोंडा समोर काढून देत असेल, तर उत्तम.

परदेशात राहणाऱ्यांनी दुकानात साधा ‘व्हीट ब्रॅन’ शोधावा. डब्यातलं न्याहारीचं ब्रॅन सीरिअल आधीच शिजवून गोड केलेलं असतं. ते वापरायचं तर गूळ कमी करा आणि ते पुरतं विरघळेपर्यंत भिजवा.

३. तुमची मूळ कृती एकदा नीट मापांसह द्याल का?

१२ मध्यम मफिनसाठी:

गव्हाचा कोंडा ९० ग्रॅम, ताजं दाटसर ताक २५० मिली, कणीक १३० ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ ११० ग्रॅम, तेल ७५ मिली, १ अंडं, कुस्करलेलं पिकं केळं १५० ग्रॅम (मध्यम दोन), मनुका ६० ग्रॅम, बेकिंग सोडा पाऊण छोटा चमचा, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, दालचिनी किंवा जायफळ आवडीनुसार. चमचे सगळे सपाट.

कोंडा मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडा भाजा, रवा भाजतो तसा. खमंग वास सुटला की उतरवा. कोमट झाल्यावर त्यावर ताक ओता आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. मनुका गरम पाण्यात दहा मिनिटं टाकून निथळा. भिजलेल्या कोंड्यात गूळ, तेल, अंडं आणि केळं घालून घोटा, गुळाचे खडे राहता कामा नयेत. दुसऱ्या भांड्यात कणीक, सोडा, पावडर, मीठ आणि मसाला एकत्र चाळा. चाळणीत राहिलेला कोंडा टाकू नका, परत त्यातच मिसळा. मग कोरडं ओल्यात घालून डावानं दहा-बारा वेळा खालून वर फिरवा आणि थांबा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की काम झालं. शेवटी मनुका.

तेल लावलेल्या साच्यांत पाऊण भाग भरा. आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर पाच मिनिटं, मग १८० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं भाजा. मधोमध सळई टोचून बघा, ती कोरडी आली पाहिजे. पाच मिनिटांनी साच्यातून काढा. तसेच ठेवले तर वाफेनं बुडं ओलसर होतात.

४. कोंडा भिजवणं खरंच गरजेचं आहे का? घाईत नाही भिजवला तर काय बिघडतं?

बिघडतं, आणि लगेच दिसत नाही म्हणून फसायला होतं. कोंडा आपल्या वजनाच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त पाणी शोषतो, पण सावकाश. कोरडा घातला तर मिश्रण सुरुवातीला सैल दिसतं, म्हणून आपण आणखी कणीक घालतो. मग ओव्हनमध्ये कोंडा आजूबाजूच्या पिठातलं पाणी ओढू लागतो. मफिन बाहेर काढल्यावरही ते ओढणं थांबत नाही. सकाळी मऊ लागलेला मफिन संध्याकाळी भुगा होतो आणि घशात अडकतो. ‘कोंड्याचे मफिन कोरडेच असतात’ हा समज इथूनच आला आहे.

गिरणीच्या जाड कोंड्याला अर्धा तास द्या, पाकिटातल्या बारीक कोंड्याला वीस मिनिटं पुरतात. भिजलेला कोंडा चिमटीत दाबला की कुरकुर लागता कामा नये आणि कडेला मोकळं ताक दिसता कामा नये. अगदीच लापशीसारखा घट्ट झाला, तर दोन मोठे चमचे ताक वाढवा. घाई असेल तर रात्रीच भिजवून फ्रीजमध्ये ठेवा. मी स्वतः बहुतेक वेळा हेच करते.

५. मैदा अजिबात न घालता फक्त कणकेचे चांगले होतात का?

होतात, वरची कृती कणकेचीच आहे. फक्त परदेशी पाककृतीतलं ‘होल व्हीट’ पीठ आणि आपली चक्कीची कणीक यांत फरक आहे. आपल्या दगडी जात्यात दाणा दाबून, घासून दळला जातो. त्यात पिठातला बराचसा स्टार्च तुटतो आणि तुटलेला स्टार्च जास्त पाणी पितो. तीच कणीक पोळीला मऊपणा देते, पण बाहेरच्या मापानं केलेला मफिन मात्र कोरडा करते. म्हणून परदेशी कृती करताना दर वाटीभर कणकेमागे दोन-तीन मोठे चमचे ताक किंवा दूध जास्त घ्या.

खपली गव्हाचं पीठ छान लागतं. त्यातलं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, नाजूक असतं, त्यामुळे मफिन भुसभुशीत होतात, थोडे कमी फुगतात. नाचणीचं पीठ कणकेच्या एक तृतीयांशापर्यंत घालता येतं, त्याहून जास्त घातलं की मफिन तुटायला लागतात.

६. अंडं चालत नाही. काय घालू?

एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा. चिकट झाली की अंड्याच्या जागी घाला. केळं असताना बांधणी आणखी पक्की होते. बिनअंड्याचे मफिन दोन-तीन मिनिटं जास्त भाजावे लागतात.

७. ताकाऐवजी दूध चालेल का? सोडा आणि बेकिंग पावडर दोन्ही कशाला?

सोड्याला फुगायला आंबटपणा लागतो. २५० मिली ताक साधारण अर्धा छोटा चमचा सोडा पुरता वापरून टाकतं. केळं आणि गूळही किंचित आम्लधर्मी असतात, म्हणून पाऊण चमचा खपतो. त्याहून जास्त घातलात तर उरलेला सोडा साबणासारखी चव देतो आणि रंग उगाच काळपट होतो. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच असतं आणि ती ओव्हनच्या उष्णतेत पुन्हा जोर धरते. भिजलेला कोंडा जड असतो, त्याला हा दुसरा हात लागतो.

दूधच वापरायचं तर त्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवा आणि माप तेच ठेवा. लिंबूही नको असेल, तर सोडा पूर्ण वगळा आणि बेकिंग पावडर अडीच छोटे चमचे घ्या. फार आंबट ताक असेल तर घाबरू नका, मफिन उलट हलके होतात.

फ्रूट सॉल्टबद्दलही विचारतात. त्यात सोडा आणि आम्ल दोन्ही असतं, पण ओलं झाल्याबरोबर त्याचा सगळा जोर फसफसून निघून जातो. ढोकळ्याला ते ठीक, या जड मिश्रणाला नाही.

८. गूळ, साखर, खजूर, काकवी यांत काय घ्यावं?

माझी पहिली पसंती काकवी. अमेरिकेत कोंड्याच्या मफिनमध्ये जुन्या पद्धतीनं मोलॅसिस घालतात. त्या गडद, किंचित कडसर चवीशी आपल्याकडे सगळ्यात जवळचं काही असेल तर ती काकवी. उसाची गुऱ्हाळं सुरू असतात तेव्हा बाटली भरून आणा. ११० ग्रॅम गुळाऐवजी ६० ग्रॅम गूळ आणि तीन मोठे चमचे काकवी घ्या, ताक दोन चमचे कमी करा.

गूळ कडक असेल तर दोन चमचे पाण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण गार करून घाला. ताकात गूळ घालून गरम करू नका, ताक फाटतं. खजूर घ्यायचा तर १२० ग्रॅम बिनबियांचा खजूर गरम पाण्यात मऊ करून वाटा. मफिन ओलसर होतात, पण कमी फुगतात. साखरेनं चव सपाट होते, म्हणून मी ती सुचवत नाही. ‘हे मधुमेहाला चालतं का’ हा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी १६ पाहा.

९. कोणती फळं चांगली लागतात?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते, कारण महाराष्ट्रात राहून या मफिनमध्ये फक्त मनुका घालणं म्हणजे बाजाराकडे पाठ फिरवणं आहे.

केळं हा पाया. सालीवर काळे ठिपके आलेलंच घ्या. साल पिवळीधमक असेल तर आतला स्टार्च अजून साखर झालेला नसतो आणि मफिन बेचव लागतो. वसईची सुकेळी मिळाली तर सोडू नका. राजेळी केळी वाळवून केलेली ती सुकेळी बारीक चिरून घातली की जागोजागी टॉफीसारखा तुकडा लागतो.

डहाणू-घोलवडचे चिकू कुस्करून केळ्याच्या जागी घाला. त्यांत आंबटपणा नसतो आणि गोडी भरपूर असते, म्हणून गूळ ८० ग्रॅमवर आणा आणि थोडा लिंबाचा रस घाला. पुरंदरचे ताजे अंजीर चौकोनी चिरा, सुके असतील तर भिजवून घ्या. अंजीर, काकवी आणि जायफळ ही माझ्या घरातली सगळ्यात आवडती जोडी. हापूसचा रस १५० ग्रॅमपर्यंत चालतो, पण आटवून घट्ट केलेला हवा. पातळ रसानं मफिन मधे बसतात.

महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीत पाणी फार. चिरून कापडावर पंधरा मिनिटं पसरा, मग वापरा. संत्र्याची फक्त केशरी साल किसून घाला. खालचा पांढरा भाग आला की सगळा घाणा कडू. सफरचंद सालीसकट किसा. पेरू घालायचा तर बिया काढूनच, नाहीतर त्या दाताखाली खड्यासारख्या येतात. मनुका सांगली-तासगावच्या असोत की नाशिकच्या, भिजवल्याशिवाय घालू नका, त्यांचंही प्रश्न ४ मधल्या कोंड्यासारखंच आहे.

१०. अननस घातला तर मिश्रण कडू झालं. का?

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते ताकातली प्रथिनं तोडतं आणि त्यातून कडवटपणा येतो. मिश्रण जितका वेळ पडून राहील, तितकी कडू चव वाढते. अननसाचे तुकडे चमचाभर साखर घालून पाच-सात मिनिटं शिजवा, विकर निकामी होतं. डब्यातला अननस आधीच शिजलेला असतो. किवी आणि पपईचंही असंच आहे.

११. ओव्हन नाही. कुकरमध्ये होतील का?

होतील. पण प्रेशर कुकर कोरडा तापवणं मला पटत नाही. बहुतेक कंपन्या तशी मनाई करतात आणि आतली रबरी रिंग, झडप खराब होते. जाड बुडाचं मोठं पातेलं किंवा जुनी जड कढई घ्या. तळाशी जाड मीठ, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून साचे ठेवा, आच मंद करा आणि तीस मिनिटांनंतरच झाकण उघडा. वरून खरपूस रंग येणार नाही, चवीत फार फरक नाही.

अप्पेपात्र हा दुसरा चांगला मार्ग. तेल लावून, झाकून, मंद आचेवर सहा-सात मिनिटं, मग उलटून दोन मिनिटं. मुलांच्या डब्याला हे छोटे मफिन फार सोयीचे. एअर फ्रायरमध्ये सिलिकॉनच्या साच्यांत १६० अंशांवर चौदा ते सोळा मिनिटं लागतात. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवरच करा. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये मफिन गार होताच चिवट होतो.

१२. मफिन फुगून मधे बसतात, किंवा आत लांब लांब भोकं पडतात. काय चुकतं?

या दोन वेगळ्या चुका आहेत. मधे बसणं म्हणजे ओलावा जास्त, सोडा जास्त किंवा दार लवकर उघडलं. पहिली पंधरा मिनिटं दार उघडू नका. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत बराच फरक पडू शकतो, ओव्हनचा साधा थर्मामीटर घेतलात तर खूप प्रश्न सुटतील.

उभी, बोगद्यासारखी भोकं आणि टोकदार डोकं दिसलं, तर मिश्रण जास्त घोटलं गेलं. ग्लुटेन ताणलं जातं आणि वाफ त्यातून वाट काढते. केकची सवय असलेल्यांकडून हे हमखास होतं. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील, भाजताना त्या विरतात.

मफिन गच्च झाले पण भोकं नाहीत, तर प्रश्न ४ आणि ५ पुन्हा वाचा.

१३. फळं सगळी तळाशी जातात.

मिश्रण सैल आहे. हे मिश्रण चमच्यातून ओतलं न जाता थब्बकन पडायला हवं. फळांचे तुकडे वाटाण्यापेक्षा फार मोठे ठेवू नका आणि चमचाभर कणकेत घोळवून घाला.

१४. आत हिरवे ठिपके आले. बुरशी आहे का?

ताज्या मफिनमध्ये असतील तर बुरशी नाही. सूर्यफुलाच्या बिया घातल्या होत्या का? त्यांतलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्याच्या संगतीत हिरवं होतं, कधीकधी दुसऱ्या दिवशी. खायला काही धोका नाही. जांभूळ किंवा ब्लूबेरीचा जांभळा रंगही सोडा जास्त झाला की निळा-हिरवा दिसतो. सोडा पाव चमचा कमी करा आणि बेकिंग पावडर तेवढीच वाढवा. मात्र दोन-तीन दिवसांच्या मफिनवर लोकरीसारखी हिरवट-पांढरी वाढ दिसली, तर तेवढाच भाग कापून बाकीचा खाऊ नका. सगळा टाका.

१५. किती दिवस टिकतात? मिश्रण आदल्या रात्री करून ठेवता येईल का?

हवाबंद डब्यात बाहेर दोन दिवस, पावसाळ्यात कोकणात एकच दिवस धरा. फ्रीजमध्ये बुरशी लांबते, पण स्टार्च लवकर कडक होतो, म्हणून खाताना गरम करावेच लागतात. सगळ्यात चांगलं म्हणजे गार झाल्यावर एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवणं. दोन महिने उत्तम राहतात. तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं गरम केले की ताजे होतात.

तयार मिश्रण फ्रीजमध्ये एक-दोन दिवस राहतं. थंड मिश्रण ढवळू नका, वरून चमच्यानं उचलून साच्यात घाला, म्हणजे आतली हवा टिकते. फळं ऐनवेळी घाला. अननस आदल्या रात्री चुकूनही नको (प्रश्न १०).

कोंडाही शिळा होतो. त्यात अंकुराचे कण आणि तेल असतं, उन्हाळ्यात तो खवट होतो. एकदा मी घाईत वास न घेता जुना कोंडा वापरला आणि चोवीस मफिन टाकून द्यावे लागले. तेव्हापासून कोंडा फ्रीजमध्येच.

१६. मधुमेह असेल तर हे मफिन मोकळेपणानं खाता येतात का? ‘पौष्टिक’ आहेत ना?

मोकळेपणानं, नाही. गुणांचा भाग खरा आहे. १०० ग्रॅम कोंड्यात ४० ग्रॅमहून अधिक तंतू असतात आणि वरच्या मापाच्या एका मफिनमध्ये साधारण साडेचार-पाच ग्रॅम तंतू येतात. पण गूळ, केळं आणि मनुका मिळून त्याच मफिनमध्ये सुमारे १४ ग्रॅम साखरही येते, म्हणजे जवळपास साडेतीन छोटे चमचे. गूळ शरीरात गेल्यावर साखरच होतो. गूळ ६० ग्रॅमवर आणा, मनुकांऐवजी अक्रोड घाला, केळ्याऐवजी किसलेलं सफरचंद घ्या आणि एकच खा. तो जेवणानंतरचा गोड पदार्थ नव्हे, न्याहारीचा भाग धरा आणि आपल्या डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा.

१७. कोणी खाऊ नयेत?

सीलिअ‍ॅक (ग्लुटेननं आतड्याला इजा होण्याचा आजार) असलेल्यांनी अजिबात नाही, गव्हाच्या कोंड्यात ग्लुटेन असतं. ज्यांचं पोट वरचेवर फुगतं, आतडी संवेदनशील आहेत, त्यांना गव्हाच्या कोंड्यानं त्रास वाढू शकतो. लहान बाळांचं पोट कोंड्यानं लवकर भरतं आणि बाकीचं अन्न कमी जातं, त्यांना नुसत्या कणकेचे करून द्या. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी गोळी आणि मफिन एका वेळी घेऊ नये, कोंड्यातल्या फायटेट नावाच्या घटकामुळे लोह कमी शोषलं जातं. बद्धकोष्ठासाठी आई-वडिलांना देत असाल तर अर्ध्या मफिननं सुरुवात करा आणि सोबत पाणी वाढवा. पाण्याशिवाय कोंडा उलटा त्रास देतो.

१८. ही मूळची कुठली गोष्ट? आपल्याकडे तर कोंडा गाईला घालतात.

हा प्रकार अमेरिकेतला. तिथे एकोणिसाव्या शतकात सिल्व्हेस्टर ग्रॅहम या आहारसुधारकांनी न चाळलेल्या पिठाचा आग्रह धरला. १९१६ मध्ये केलॉग कंपनीचं ‘ऑल-ब्रॅन’ बाजारात आलं. पुढे १९७० च्या दशकात डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकांनी आफ्रिकेतल्या अनुभवावरून आहारातल्या तंतूंचं महत्त्व जगापुढे मांडलं आणि हे मफिन तिकडे घरोघरी पोचले. आपल्याकडे ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ म्हणताना कोंडा हलाखीचाच मानला गेला, तरी कोंड्याचा मांडा करणाऱ्या बायकाही याच घरांत होत्या.

१९. तांदळाचा किंवा ओटचा कोंडा वापरला तर?

तांदळाचा कोंडा घरी नको. त्यात तेल भरपूर असतं आणि भात सडताक्षणी त्यातलं विकर ते तेल खवट करायला लागतं. कारखान्यात उष्णतेनं स्थिर केलेलाच टिकतो. ओटचा कोंडा चालतो, पण तो चिकट असतो. ताक ३० मिली कमी घ्या, दहा मिनिटं भिजवणं पुरे आणि मफिन पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, आतून कच्चे वाटतात.

२०. उपवासाला चालतील का?

गहू आहे, त्यामुळे नाही. राजगिऱ्याच्या पिठाचे केळं घालून करता येतात, पण त्यात कोंडा नसतो आणि सोडा, बेकिंग पावडर चालते की नाही हे प्रत्येक घरात वेगळं असतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच करा.